२४ दिवसांच्या बाळासाठी स्लिंग घ्यायचीय, पण कोणती? (हात आणि कंबर दोन्ही गेलेत)

तिसरा_मजला:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही एका हाताने टाईप करून, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगा २४ दिवसांचा आहे. सिझेरियन झालंय. जन्माचं वजन २.७ होतं, परवा डॉक्टरांकडे ३.१ भरलं, म्हणजे दूध वगैरे सगळं व्यवस्थित आहे. प्रॉब्लेम एकच, खाली ठेवलं की दोन मिनिटांत जागा. पाळणा नाही, गादी नाही, दुपट्यात करकचून गुंडाळलं तरी नाही, त्याला माणूसच पाहिजे. सध्या आई आहे म्हणून निभावतंय पण सव्वा महिना झाला की ती जाणार, बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि मग दिवसभर मी आणि बाळ. नवरा साडेसातची लोकल पकडतो तो रात्री नऊला उगवतो. बिल्डिंगला लिफ्ट नाही. (आयडीवरून कळलंच असेल कितव्या मजल्यावर राहते ते.)

डावं मनगट अंगठ्याच्या बाजूने इतकं दुखतंय की काल दुधाचं पातेलं हातातून सुटता सुटता राहिलं. म्हणून घाईघाईत ऑनलाईन एक बेल्टवालं कॅरिअर मागवलं, बाराशे रुपये, खोक्यावर लिहिलंय ० ते ३६ महिने, फोटोतलं बाळ पुढे तोंड करून खिदळतंय. घालून बघितलं तर आमचं ध्यान त्यात बुडालंच. नाक कापडात, पाय खाली लोंबतायत, मान एका बाजूला, आणि कंबरपट्टा बरोब्बर माझ्या टाक्यांवर. दोन मिनिटांत काढलं. मग दहा मिनिटं मीच रडले.

सासूबाई म्हणतात मान धरली नाही त्याला कसल्या पिशवीत घालतेस, हे सगळं फॉरेनचं फॅड आहे आणि वर हाताची सवय लागेल ती वेगळीच. आई म्हणते जुनं लुगडं घे आणि बांध. नवरा म्हणतो तू म्हणशील ते ऑर्डर करतो, म्हणजे परत डोकं मीच लावायचं.

तर एवढ्या लहान बाळाला चालेल अशी नक्की कुठली स्लिंग असते? रॅप, रिंग, बकल हे वाचून वाचून डोकं फिरलंय. टाक्यांवर येणार नाही असं काही आहे का? आणि मान न धरलेलं बाळ खरंच घालतात का त्यात?


कडेवरची_कार्टी:

अभिनंदन गं! आणि सगळ्यात आधी ते बाराशेवालं परत कर, रिटर्नची मुदत असेल अजून. ते वाईटच असतं असं नाही पण ते तुझ्या बाळासाठी नाहीये. खोक्यावर शून्य लिहायला काय जातंय. बऱ्याच चांगल्या बकल कॅरिअरवर सुद्धा कमीत कमी साडेतीन किलोच्या आसपास वजन लिहिलेलं असतं आणि आपली बाळं जन्मतःच अडीच-पावणेतीनची असतात, मग कसं बसणार. त्यामुळे महिन्यापेक्षा किलो बघायचे.

माझी दोन झाली, पहिल्याच्या वेळी मी चार प्रकार विकत घेऊन तीन विकले, त्यामुळे माझ्या पैशांनी शिकलेलं तुला फुकट सांगते.

स्ट्रेची रॅप म्हणजे साधारण पाच मीटर लांब बनियनच्या कापडासारखं असतं. ते स्वतःभोवती गुंडाळून बांधून ठेवायचं आणि मग बाळ आत सरकवायचं. एवढ्याशा बाळाला हे सगळ्यात मऊ. वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. तोटा असा की अंगावर तीन थर येतात, एप्रिलमध्ये मी आणि पोरगं दोघंही वाफवलेल्या मोदकासारखे निघायचो. आणि बाळ सात-आठ किलोचं झालं की ते ताणून ताणून गुडघ्यापर्यंत येतं.

रिंग स्लिंग म्हणजे साधारण दोन मीटर लांब कापड आणि एका टोकाला दोन कड्या. एका खांद्यावरून घ्यायची, पदर दोन्ही कड्यांमधून खालून वर काढून परत एकीवरून एकीखालून घालायचा, पट्ट्याच्या जुन्या बकलासारखं. एकच थर. कमरेला काहीही येत नाही म्हणजे तुझे टाके मोकळे. घालायला काढायला अर्धा मिनिट. तोटा, सगळं वजन एका खांद्यावर, त्यामुळे सलग दोन तास नको, आणि खांदा बदलत राहायचा.

बकलवालं नंतर घे, चार-पाच महिन्यांनी, तेव्हा नवरापण घालेल. पुरुषांना बकल फार आवडतं, सॅकसारखं वाटतं त्यांना.

तुझ्या केसमध्ये मी डोळे झाकून रिंग स्लिंग म्हणेन. फक्त कड्या नीट बघ. अखंड ओतीव पाहिजेत, अल्युमिनियमच्या किंवा चांगल्या नायलॉनच्या. जोड दिसला, वेल्डिंगची गाठ हाताला लागली की नको. कुणीतरी पडद्याच्या कड्या लावून घरी शिवायचे व्हिडिओ टाकलेत, तसलं काही करू नकोस प्लीज.


उन्हाचा_तडाखा:

नागपूरहून लिहितोय म्हणजे गर्मीवर बोलायचा हक्क आमचाच. आमची मुलगी एप्रिलची, मे महिन्यात इकडे पंचेचाळीस. स्ट्रेची रॅप साळ्यानं गिफ्ट दिला होता, एक दिवस वापरला, पोरगी लालबुंद आणि सगळ्या मानेवर घामोळ्या. तो कपाटात गेला तो गेलाच. मग पातळ सुती रिंगवाली आणली. तरी बी अकरा ते पाच बाहेर नाही नेली.

एक सांगतो, स्लिंगमध्ये बाळ असलं की वरून झबलं-टोपडं-मोजे-कुंची सगळं चढवत बसू नका. कापडाचा थर हा बी एक कपडाच धरायचा. आणि तुमच्या अंगाची गर्मी वेगळी. आमची आई ऐकतच नव्हती, टोपडं पाह्यजेच म्हणे. मी मानेमागे हात लावून दाखवायचो, हे पाय ओली झाली.


फिजिओ_पण_आईपण:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दोन मुद्दे आधी हातावेगळे करते.

तुझं मनगट. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतंय आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते, असं असेल तर बहुतेक डी क्वेर्व्हेन (अंगठ्याच्या कंडरांचा त्रास) आहे, नव्या आयांमध्ये अगदी कॉमन. आपण बाळाला दोन्ही काखांत हात घालून अंगठा ताणून एल आकारात उचलतो ना, त्याने होतं. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटवून, तळहात खाली सरकवून पाणी ओंजळीत घेतल्यासारखं उचल. तरी आठवडाभरात कमी नाही झालं तर दाखवून घे, स्प्लिंट मिळतं. स्लिंगने फरक पडेल, पण स्लिंगमध्ये घालताना-काढतानाही तोच हात वापरशील तर काही उपयोग नाही.

आता मान. सासूबाईंचा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे, उत्तर फक्त 'मग घालूच नको' असं नाहीये. मान न धरलेलं बाळ घालतात, पण उभं, पोटाला पोट लावून, आणि कापडाने पाठीला आणि मानेच्या खालच्या भागाला घट्ट आधार देऊन. आडवं झोपवून पिशवीत टाकतात ते मात्र नाही. बाळाचं डोकं जड, मान लुळी. आडवं टाकलं की अंग वाकून हनुवटी छातीला टेकते, एवढीशी श्वासनलिका दुमडते, आणि एवढं लहान बाळ धडपडत नाही, रडत नाही, आवाजच करत नाही. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता, आधीच्या २० वर्षांत १४ बाळं गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली होती. तेव्हा चाललेल्या काही खोल पिशवीसारख्या स्लिंग बाजारातून परत मागवल्या गेल्या. तसल्या आकाराच्या अजूनही स्वस्तात दिसतात, ज्यात बाळ तुमच्या कमरेपाशी आडवं लोंबतं. त्या नकोत.

घातल्यावर काय बघायचं तर, मान खाली घातली की बाळाचं कपाळ तुझ्या ओठांना लागलं पाहिजे. चेहरा कायम दिसला पाहिजे, त्यावर कापड नको, ओढणी नको, स्तन नको. हनुवटीखाली तुझी दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. आणि तू पुढे वाकलीस (एक हात त्याच्या डोक्यामागे ठेवूनच वाकायचं) तर बाळ तुझ्या अंगापासून सुटायला नको, सुटलं तर सैल आहे. लोक सैल बांधतात, त्याला त्रास नको म्हणून, आणि तिथेच चुकतं. सैल कापडात बाळ खाली घसरतं आणि गोळा होतं.

पाय. उकिडवं बसल्यावर कसे असतात, गुडघे वर आणि बूड खाली, तस्से. कापड एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत. तू लिहिलंस ना पाय लोंबतायत म्हणून, ते फक्त दिसायला वाईट नाहीये, खुब्याचा सांधा अजून खोबणीत पक्का बसायचा असतो त्याला ते चांगलं नाही. तसंच दुपट्यात पाय सरळ करून करकचून बांधणंही थांबव, हात गुंडाळा हवं तर, पाय हलते राहू देत. बाळ पायाळू होतं का? किंवा घरात कुणाला लहानपणी खुब्याचा त्रास? असेल तर सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यायची असते, डॉक्टरांना आठवण कर.

बाळ कमी दिवसांचं म्हणजे वेळेआधी झालेलं असेल, वजन अडीचच्या खाली असेल, सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर आधी विचारून मगच.


तिसरा_मजला:

बापरे, इतकं सविस्तर! पायाळू नव्हता, पाणी कमी झालं होतं म्हणून सिझर. अंगठ्याची टेस्ट केली, किंचाळले. तेच आहे म्हणजे.

एक मूर्ख प्रश्न, पोटाला पोट लावून उभं म्हणजे दूध प्यायल्यावर लगेच घातलं तर सगळं बाहेर येणार नाही का?


कडेवरची_कार्टी:

उलट. उभं राहिल्याने ढेकर छान निघतो. दूध उलटलंच तर तुझ्या छातीवर, त्याची तर सवय झालीच असेल :)


बाबा_बाईकवाला:

अवांतर विचारतो. असं स्लिंगमध्ये बाळ बांधून बायको मागे बसली तर बाईकवर नेता येईल का? डॉक्टर दोन किमीवर आहेत, रिक्षावाले भाव खातात.


फिजिओ_पण_आईपण:

नाही. नाही. आणि नाही. स्लिंग पडण्यापासून वाचवण्यासाठी नसतेच, ती फक्त उचलून धरण्यासाठी असते. केंद्राने २०२२ मध्ये नियम केलाय, चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना वेगळा सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांवरच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. तो हार्नेस म्हणजे ही स्लिंग नव्हे. आणि २४ दिवसांच्या बाळाचं डोकं खड्ड्यांत कसं हलेल याचा विचार करा फक्त. रिक्षाला पैसे द्या हो.

कारमध्येही स्लिंग चालत नाही, कार सीटच.


बाबा_बाईकवाला:

ओके ओके ताई. रिक्षा.


श्टुटगार्टची_सून:

मी जर्मनीत असते. इकडे बाळंतपणानंतर हेबामे म्हणजे दाई घरी येते, आपल्याकडच्या सुईणीसारखीच पण शिकलेली, तिनेच मला टेबलावर बाहुली ठेवून बांधायला शिकवलं. इथे बाळ कसं बांधायचं हे शिकवणाऱ्या सल्लागार बायका वेगळ्या असतात, चक्क तोच धंदा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, आपल्या ऊसतोडीच्या बायकांना कोण शिकवतं?

पण सासूबाईंच्या फॉरेनच्या फॅडबद्दल एक गंमत सांगते. आज जी सॅकसारखी कॅरिअर मिळतात त्यातलं अमेरिकेतलं सुरुवातीचं गाजलेलं एक मॉडेल ॲन मूर नावाच्या नर्सने आणलं. ती साठच्या दशकात पीस कोअरमधून (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकेची सरकारी संस्था) आफ्रिकेत टोगोला गेली होती, तिथल्या बायका बाळ कापडाने पाठुंगळीला बांधून शांतपणे कामं करतात ते तिने बघितलं, परत आल्यावर स्वतःच्या मुलीला तसं बांधायला लागली, मुलगी घसरायची म्हणून ॲनच्या आईने पट्टे शिवून दिले, १९६९ मध्ये पेटंट. म्हणजे आफ्रिकेतल्या आयांचं कापड अमेरिकेला गेलं, पट्टे लागून आपल्याकडे बाराशेला आलं. फॅड असेल तर पट्ट्यांचं आहे, बांधण्याचं नाही.

हाताची सवय: मॉन्ट्रियलमध्ये केलेला एक प्रयोग १९८६ साली छापून आला होता, ज्या आयांना दिवसातून जास्तीचे तीन तास बाळ उचलून घ्यायला सांगितलं त्यांची बाळं सहा आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडत होती. पण खरं सांगायचं तर नंतर त्याच मंडळींनी आधीच पोटदुखीने खूप रडणाऱ्या बाळांवर बघितलं तर तितका फरक नाही पडला. त्यामुळे स्लिंग घातली की रडं बंद असली जादू कुणी विकत असेल तर नको विश्वास ठेवू. सासूबाईंना आकडे नको सांगूस, तू बाळ त्यांच्या अंगावर बांधून दे एकदा.

मी स्वतः विणलेला लांब रॅप वापरला, साडेचार मीटर. शिकायला आठवडा गेला, दोनदा ट्राम चुकली, पण त्यानंतर पोरगा दोन वर्षांचा होईपर्यंत तोच. लिफ्ट नसेल तर जिन्यात दोन्ही खांद्यांवर वजन असलेलं बरं, पण सिझरनंतर लगेच पाच मीटर कापड आवळत बसायचं तुला जमेल का माहीत नाही.


जुनं_लुगडं:

माझं वय ६८. सून इथे लिहिते म्हणून मी वाचते, आज राहवलं नाही.

लुगड्याबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून सांगते. आमच्याकडे बाळाला धुवट लुगड्याशिवाय दुसरं काही लावत नसत. दुपटी त्याचीच, झोळी त्याचीच, लंगोट त्याचेच. माझ्या आईचं एक हिरवं इरकल होतं, ते धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळायचं. त्याच्या झोळीत माझी तिन्ही वाढली. पण ती झोळी आढ्याला. खाली मी भाकऱ्या थापत बसलेली, दोरी पायाच्या अंगठ्याला. अंगावर बांधून घ्यायची पद्धत आमच्या घरात नव्हती, ती शेतावर येणाऱ्या बायकांची. कातकरी बायका भात लावायला यायच्या, पाठीला पोर, कापडाची गाठ छातीवर, दिवसभर ओणव्या. पोर हूं का चूं करायचं नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, बघ त्यांची पोरं कशी गुणी. पोरं गुणी नव्हती हो, आईच्या पाठीला होती.

आता लुगडं बांधायचं असेल तर मऊ आहे म्हणून सगळ्यात जुनं काढू नकोस, तीच चूक होते. जितकं मऊ तितकं विरलेलं. उजेडासमोर धरून बघ, जिथे कापड जाळीसारखं दिसतं तिथे ते जाणार. दोन्ही मुठीत धरून झटका दे, चर्र आवाज आला तर ते दुपट्यांना. सुनेने मला सांगितलं की नऊवारीचे बरोबर दोन तुकडे केले तर या बाजारातल्या लांब रॅपच्या जवळ जातं, चार मीटरच्या वर. पण पन्हा मोठा, गोळा फार होतो. आणि लुगड्याला फारसा ताण नाही, म्हणून बाळाच्या अंगाला ते बसत नाही, एकतर आवळतं नाहीतर सुटतं. आम्ही घरी प्रयोग केला, तांदळाची पिशवी घालून. पिशवी खाली आली. तांदूळ होते म्हणून बरं.

दुसरं. माझी नात सातव्या महिन्यात झाली, दीड किलोची. दवाखान्यात नर्सने सुनेच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापडाने बांधली, म्हणाल्या कांगारू पद्धत. मी वाद घातला, काचेच्या पेटीत ठेवा म्हणाले. त्या मुलीने मला खुर्ची दिली आणि सांगितलं, आजी, हे १९७८ साली कोलंबियात पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी सुरू केलं, आता पेट्या असल्या तरी करतात. रोज बसून बघायचे, पोरीचा श्वास आईच्या श्वासाबरोबर वर खाली. आता ती तिसरीत आहे आणि घरात कुणाचं ऐकत नाही.

तुझ्या सासूबाईंना सांग, मान धरली नाही म्हणूनच बांधायचं असतं नीट. हाताने धरलेलं बाळ आपण दमलो की सैल पडतं.


कडेवरची_कार्टी:

आजी ____/\____ तांदळाची पिशवी ही आयडिया मस्त आहे. तिसरा_मजला, तू पण तेच कर, तीन किलोची पिशवी दुपट्यात गुंडाळ आणि दोन दिवस तिच्यावर प्रॅक्टिस, मग बाळ. पहिल्या वेळी पलंगाच्या कडेला बसून घालायचं आणि आई घरात असतानाच. आणि बाळ भुकेलं असताना शिकायचं नाही, पोट भरलेलं, लंगोट बदललेला, मूड बरा असा असताना.


तिसरा_मजला:

अपडेट देते, कुणी वाट बघत असेल तर. आज बाळ ५२ दिवसांचं झालं.

रिंग स्लिंग घेतली, पातळ सुती, साधी निळी. बाराशेवालं परत गेलं नाही, मुदत संपली होती, पडलंय कपाटावर. तांदळाची पिशवी इमानदारीत दोन दिवस घेऊन फिरले, आईने फोटो काढून सगळ्या मावश्यांना पाठवलाय.

पहिले तीन प्रयत्न फसले. पहिल्यांदा कड्या पार छातीवर आल्या आणि बाळाच्या गालाला लागल्या. मग कळलं की सुरुवातीला कड्या खांद्यावर उंच, जवळजवळ गळ्याच्या हाडापाशी ठेवायच्या, वजन आलं की त्या आपोआप खाली उतरतात. दुसऱ्यांदा पदर कडीत घालताना कापड एकावर एक चढलं, गुंताच झाला, खालची कड ओढली की वरची पण ओढली जायची. कडीत कापड नीट पसरवून, चुण्या शेजारी शेजारी ठेवल्या की मग पन्ह्याची वरची किनार वेगळी, मधलं वेगळं, खालची वेगळी आवळता येते. हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट कळलं नव्हतं, साडीच्या निऱ्यांसारखं धर असं आईने सांगितलं तेव्हा कळलं. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं आणि त्याने शी केली.

चौथ्यांदा गुडघे वर करून, बुडाखाली कापड खोचून, खालची किनार लवणीपर्यंत घेऊन बसवला आणि हॉलमध्ये चकरा मारायला लागले. आधी कुरकुर, मग एक मोठा उसासा, मग डोकं टेकलं. मी दर दोन मिनिटांनी हनुवटीखाली बोटं घालून बघत होते, आई म्हणाली अगं झोपू दे त्याला, बोटं काय घालतेस. पन्नास मिनिटं. मी त्यात उभ्याने पोळी खाल्ली, गरम.

आई गेल्याला पंधरा दिवस झाले. स्वयंपाक मात्र त्याला घालून नाही करत, गॅस आणि कढई नकोच, चहा पण नाही. कपडे वाळत घालणं, भाजी निवडणं, जिना. जिन्यात एक हात कठड्याला ठेवता येतो हे सगळ्यात मोठं सुख आहे. खांदा उजवा-डावा बदलते तरी संध्याकाळी दुखतो, तेवढं आहे. मनगटाला स्प्लिंट लावलंय, बरंच कमी आहे.

सासूबाई मागच्या रविवारी आल्या होत्या. म्हणाल्या काही नाहीत, पण जाताना विचारलं की ही घरी शिवता येईल का, त्यांच्या भाचीला सातवा लागलाय. मी कड्यांचं सगळं लेक्चर दिलं.

एक प्रश्न राहिलाच, मालिशच्या तेलाचे पिवळे डाग पडलेत सगळीकडे, नेमके बाळाचं डोकं टेकतं तिथे. साबणाने जात नाहीयेत. काय करू?


जुनं_लुगडं:

कोरड्या डागावर बेसन चोळून अर्धा तास ठेव, मग धू. आणि मालिश झाल्यावर अंघोळ होईपर्यंत स्लिंगमध्ये घालू नकोस, बाळ बुळबुळीत असतं.


कडेवरची_कार्टी:

नाहीतर भांड्यांचं लिक्विड, दोन थेंब, कोमट पाणी. ब्लीच नको. धुताना कड्यांवर जुना मोजा चढव, नाहीतर मशीनचा ड्रम वाजतो आणि बाळ उठतं.